काकूंच्या कॅलेंडरवरचे गोल आणि घरटॅक्सचं बिल

आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब: एक, एक, दीड, एक. ज्या दिवशी पाण्याची कॅन येते त्या दिवशी चौकटीच्या कोपऱ्यात पेनाने छोटा गोल. मे महिन्याच्या पानावर तर गोलच गोल. महिना संपला की कॅनवाला पोरगा येतो, काकू गोल मोजतात, ३० रुपयांनी गुणतात, पैसे देतात.

त्याच काकू मागच्या महिन्यात घरटॅक्सचं बिल हातात घेऊन आमच्या फाटकाशी आल्या. "बेटा, हे पाह्य जरा. साडेसहा हजार! काऊन भरायचे एवढे? मले काय भेटते याच्यात?"

मी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवते. सार्वजनिक वित्ताचा धडा दरवर्षी घेते. पण काकूंना धडा नको होता, हिशेब हवा होता. म्हणून मी त्यांना म्हटलं, काकू, आधी तुमचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढा. त्यांनी ते जपून ठेवलेलंच होतं, रद्दीत काही टाकत नाहीत त्या. आम्ही दोघींनी बारा पानांवरचे गोल मोजले. २४८ भरले. २४८ गुणिले ३०, म्हणजे ७,४४० रुपये.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. घरटॅक्सपेक्षा पाण्याच्या कॅनवर जास्त पैसे गेले होते, आणि वर्षभरात एकदाही त्यांना ते जास्त वाटले नव्हते.

आता यातलं पाणी किती? एका कॅनमध्ये २० लिटर, म्हणजे वर्षाचं ४,९६० लिटर. नळाच्या बिलात एक युनिट म्हणजे १,००० लिटर. काकूंनी वर्षभरात कॅनमधून पाच युनिटसुद्धा पाणी घेतलं नाही. नळाच्या पाण्याचा सगळ्यात खालच्या टप्प्यातला दर असा आहे, की एका कॅनच्या पैशात हजार लिटर पाणी येऊन वर पैसे उरतात. पेंच प्रकल्पातून किंवा कन्हान नदीतून उचलायचं, शुद्ध करायचं, टाकीत चढवायचं आणि पाइपमधून आपल्या ओट्यापर्यंत आणायचं, हे सगळं त्या दरात. एवढं स्वस्त ते कसं पडतं? धरण, शुद्धीकरण केंद्र, मोठाल्या वाहिन्या हा खर्च एकदाच होतो आणि लाखो घरांत वाटला जातो. एकट्या घराने हेच करायचं ठरवलं तर बोअरवेल खोदेपर्यंतच कंबर मोडते.

कॅन घेऊ नका असं मी काकूंना म्हटलं नाही. उन्हाळ्यात नागपुरात दुपारी चारला घरी आलेल्या माणसाला गार पाणी लागतं, त्यात वावगं काही नाही. मला त्यांना एवढंच दाखवायचं होतं की एखादी सगळ्यांची सेवा टाळायला किंवा तिला पर्याय म्हणून आपण जे पैसे घालतो, तेही त्याच हिशेबात धरले पाहिजेत. तोसुद्धा एक करच आहे. त्याची पावती मिळत नाही आणि तो हप्त्याहप्त्याने, हसतमुखाने जातो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. पाण्याचा फिल्टर आणि त्याची दरवर्षीची सर्व्हिसिंग, इन्व्हर्टरची बॅटरी, प्रत्येक खोलीत मच्छरचं लिक्विड, बस नेमक्या वेळेला मिळेल का या शंकेने घेतलेली घरातली दुसरी गाडी, तिचं पेट्रोल. एका वहीत हे लिहून पाहा. मी आमच्या घरचं लिहिलं आणि पेट्रोल सोडून उरलेल्याची बेरीजच आमच्या घरटॅक्सच्या दुप्पट निघाली.

मग काकूंनी दुसरा प्रश्न टाकला. करशास्त्रातल्या जाडजूड पुस्तकांचा अर्धा भाग ज्या प्रश्नाभोवती फिरतो, तोच. "म्या एकटीनं नाही भरला तर कोणती महापालिका बुडते?"

बुडत नाही, हे खरं आहे. साडेसहा हजारांनी काहीच अडत नाही. अडचण तिथेच आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरचा एक दिवा आहे. त्याच्या उजेडात काकूंचा नातू संध्याकाळी सायकल चालवतो, समोरच्या घरातली मुलगी ट्यूशनवरून परत येते, पहाटे पेपरवाला गठ्ठे सोडतो. तिघांनी उजेड वापरला म्हणून चौथ्याला कमी पडत नाही. आणि ज्याने टॅक्स भरला नाही त्याच्या अंगणापुरता उजेड बंद करायची सोय कुठल्याच बटणात नाही. अशा गोष्टीला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. पॉल सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्ये यातल्या पहिल्या गुणाची, म्हणजे वापरल्याने कमी न होण्याची, नेमकी मांडणी केली; कुणालाही वगळता न येणं हा दुसरा गुण पुढच्या अर्थतज्ज्ञांनी त्याला जोडला. रस्त्याचा दिवा, पावसाळी नाली, डास मारायची फवारणी, आग लागल्यावर धावत येणारा बंब, सगळं कमीजास्त प्रमाणात याच जातीचं.

अशी वस्तू दुकानात विकता येत नाही. पैसे न देताही मिळणार असेल तर आपण का द्यावे, असं प्रत्येकाला वाटणं साहजिक आहे. काकूंना वाटलं ते समोरच्यांनाही वाटू शकतं, मलाही. सगळ्यांना एकाच वेळी तसं वाटलं की दिवा लागतच नाही. म्हणून अशा गोष्टींसाठी जगभर वर्गणी न काढता कर लावतात. गणपतीची वर्गणी ऐच्छिक ठेवता येते, कारण मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे राहतात आणि चारचौघांत नाही म्हणायला संकोच वाटतो. शहरातल्या नाल्यांना दारात उभं राहता येत नाही.

नळाच्या पाण्याची गोष्ट दिव्यापेक्षा थोडी वेगळी आहे, आणि नागपूरकरांना ती उन्हाळ्यात सगळ्यात आधी कळते. पाणी वापरलं की कमी होतं. नळ आला की गल्लीत एखाद्या घरातून घरघर सुरू होते. टिल्लू पंप. थेट मुख्य लाइनला जोडलेली छोटी मोटर, ती ओढून आपली टाकी भरते. तिच्यापुढच्या घरांचा दाब पडतो. मग पुढचं घर म्हणतं, त्याने लावला तर आपण का नाही? चार घरांनी लावला की पाचव्यालाही लावावाच लागतो, आणि शेवटी सगळ्यांकडे मोटर असते, सगळ्यांचं विजेचं बिल वाढलेलं असतं आणि पाणी मात्र पहिल्याइतकंच असतं. टिल्लू पंप लावायला मनाई आहे, ते जप्तही होतात, तरी दर उन्हाळ्यात आवाज येतोच. याहून वाईट म्हणजे गळक्या किंवा फुटलेल्या ठिकाणाहून पाइपात बाहेरची घाण ओढली जाण्याचा धोका. पाणी गढूळ आलं की आपण फिल्टर घेतो, कॅन सांगतो. पावती नसलेला कर आणखी वाढतो.

एका बाईला अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला तो नेमका याच कोड्यावरच्या कामासाठी. एलिनॉर ऑस्ट्रोम, २००९ साली, आणि अर्थशास्त्रात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांच्या मालकीची गोष्ट उधळली जाणार हे अटळ नसतं. लोकांनी आपसात नियम ठरवले, ते मोडणाऱ्यावर लक्ष ठेवलं आणि नियम ठरवताना वापरणाऱ्यांचा आवाज ऐकला, तर पिढ्यान्‌पिढ्या ती टिकते. हे वाचताना मला आपल्या पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आठवले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव. पाळीची डागडुजी कुणी करायची, गाळ कधी काढायचा, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी पाणी सोडायचं, याचे रिवाज ठरलेले. लोक पैशाऐवजी अंगमेहनत द्यायचे. तोही करच होता, हातांनी भरलेला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी संपायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्याबरोबर देखभालीची घडीही विस्कटली आणि कित्येक तलाव गाळाने भरत गेले. पैसे कोण भरतो यापेक्षा लक्ष कोण ठेवतो, हा प्रश्न तिथे मोठा ठरला.

कूलरचंही थोडं सांगते, कारण नागपुरात कूलर हा घरातला सदस्यच. एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या, टाकी भरायची. जून सरल्यावर बरेच जण ती टाकी रिकामी करायला विसरतात. त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. डास कंपाउंडच्या भिंती ओलांडतो. माझ्या टाकीचा त्रास काकूंच्या नातवाला, काकूंच्या टाकीचा त्रास मला. आपल्या खर्चाचे आणि आळसाचे परिणाम जेव्हा अशा रीतीने शेजाऱ्यावर पडतात, तेव्हा लिक्विडची बाटली कितीही महाग घेतली तरी पुरत नाही. फवारणी आणि तपासणी गल्लीभर व्हावी लागते, एका घरापुरती करून उपयोग नसतो.

हे सगळं मला ज्या दिवशी अंगावर येऊन कळलं तो दिवस २३ सप्टेंबर २०२३. पहाटे काही तासांतच इतका पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. माझी मावसबहीण त्या भागात राहते. दुपारी मी तिच्याकडे पोचले तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ होती, स्विचबोर्डच्या बरोबर खाली. फ्रिज आडवा पडलेला. गॅसचं सिलिंडर तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं होतं. ती पलंगावर मुलांच्या मार्कशिटा एकेक करून वाळत घालत होती. सगळ्यात आधी काय गेलं असेल तर जमिनीलगत ठेवलेला इन्व्हर्टर आणि ओट्याखालचा पाण्याचा फिल्टर.

तो इन्व्हर्टर बघून मला खूप वाईट वाटलं. वीज गेली तरी आपलं अडू नये, पाणी खराब आलं तरी आपण आजारी पडू नये, म्हणून तिने वर्षानुवर्षं पैसे साठवून ती चांगली व्यवस्था उभी केली होती. पण नदीचं पात्र मोकळं असणं, तलावाच्या सांडव्याची आणि पुलांची काळजी घेणं, पावसाळी नाल्यांची रुंदी, यातलं काहीच तिला तिच्या घरापुरतं विकत घेता येणार नव्हतं. त्या वस्तीत बंगले होते आणि भाड्याच्या खोल्याही. चिखलाची रेघ सगळ्यांच्या भिंतीवर एकाच उंचीवर होती.

आता काकूंच्या दुसऱ्या समजुतीकडे येते. ती फार लोकांची असते. "आमी तं टॅक्स भरतच नाही, घरटॅक्स सोडला तं." काकांची पेन्शन आयकराच्या मर्यादेच्या खूप खाली. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना आयकर लागत नाही, त्यामुळे असं म्हणणारे आणखी वाढले आहेत. पण काकूंच्या बाथरूममध्ये टूथपेस्ट आहे, मोबाइलमध्ये रिचार्ज आहे. दोन्हींवर जीएसटी आहे.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. टूथपेस्ट, साबण, शॅम्पू, केसांचं तेल आता ५ टक्क्यांत. मोबाइल रिचार्ज १८ टक्क्यांतच राहिलं. सुटी तूरडाळ, खुल्या भावाने घेतलेले तांदूळ, भाजी, सांबार (कोथिंबीर) यांवर जीएसटी नाही. पण तेच तांदूळ छापील पिशवीत, २५ किलोपर्यंतच्या पॅकमध्ये घेतले की ५ टक्के. तुम्ही १०५ रुपयांना टूथपेस्ट घेतली असं धरा. त्यातले पाच रुपये कर. अडीच केंद्राकडे, अडीच राज्याकडे. केंद्राकडे गेलेल्या करांतून वाटून घ्यायचा जो साठा असतो, त्यातले ४१ टक्के राज्यांना द्यावेत असं पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ठरवलं. केंद्राचे उपकर आणि अधिभार, म्हणजे मूळ करावर चढवलेले जादा कर, मात्र या वाटपात येत नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. म्हणून बिलावर "उपकर" हा शब्द दिसला की माझी नजर तिथे थांबते.

या करात एक अन्याय आहे, तो मला उघड सांगावासा वाटतो. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये साधारण साडेपंचेचाळीस रुपये जीएसटी असतो. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई महिन्याला नऊ हजार कमावते. तिनेही तेच रिचार्ज मारलं, मीही मारलं. दोघींनी सारखेच पैसे भरले. पण तिच्या नऊ हजारांतून गेलेले पंचेचाळीस आणि माझ्या पगारातून गेलेले पंचेचाळीस यांचं वजन सारखं नाही. जे कमावलं ते सगळं खर्चून टाकावं लागणाऱ्या माणसावर खरेदीवरचा कर जास्त पडतो, आणि बचत करू शकणाऱ्यावर कमी. आणि सरकारी दवाखाना, महापालिकेची शाळा, सिटी बस यांच्या भरवशावर सगळ्यात जास्त तीच राहते. "गरीब लोक टॅक्स भरत नाहीत आणि फुकट सेवा घेतात" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकते तेव्हा मला राग येतो. तिने रोज भरलेला असतो.

जीएसटीचा आणि आपल्या गल्लीच्या नालीचा संबंध काय, असं कुणी विचारेल. तो समजायला थोडं मागे जावं लागतं. आमच्या लहानपणी वर्धा रोडवर, कामठी रोडवर जकात नाके होते. ट्रकांच्या रांगा, लाकडी अडसर. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका स्वतः जकात घ्यायची, तो पैसा थेट तिच्या तिजोरीत. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. व्यापाऱ्यांचा विरोध झाला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर हा विषयच संपला. नाके गेले ते बरं झालं. ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, त्यात डिझेल जळायचं, खाबूगिरी चालायची. पण महापालिकेची स्वतःची नळाची तोटी बंद झाली. आता राज्य सरकार जीएसटीपोटी भरपाईचं अनुदान महिन्याच्या महिन्याला देतं. आपण इतवारीच्या बाजारात भरलेला कर दिल्ली-मुंबईला जाऊन अनुदान होऊन परत येतो. शहराच्या हातात स्वतःचं असं उरलं मुख्यतः तीन गोष्टींचं उत्पन्न: मालमत्ता कर म्हणजेच घरटॅक्स, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीची शुल्कं.

आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांकडे कामं किती सोपवली? बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पाणी, रस्ते, स्वच्छता, अग्निशमन, दिवे, झोपडपट्टी सुधार, उद्यानं, स्मशानं. कामांची यादी लांब, पैशाची वाट अरुंद. घरटॅक्सचं बिल इतकं महत्त्वाचं का, ते इथे कळतं. ते थकलं की शहराला राज्याच्या अनुदानाकडे बघत बसावं लागतं.

पगाराच्या पत्रकातली एक ओळ मला विशेष जवळची आहे. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. व्यवसाय कर. २,५०० पेक्षा जास्त लावता येत नाही, अशी मर्यादा संविधानातच आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो आला रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी लोक खडी फोडत होते. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, या कल्पनेमागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास होता. पण पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांकडून, व्यावसायिकांकडून थोडाथोडा घ्यायचा आणि राज्याने त्यात भर घालायची, असं ठरलं. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. सीताबर्डीच्या ऑफिसात बसलेल्या कारकुनाने न पाहिलेल्या गावातल्या बाईची चूल पेटती ठेवली, आणि त्याच्या पगारातून गेले ते महिन्याचे थोडेसे रुपये. कर कशासाठी घेतला हे नावानिशी माहीत असलं की तो भरताना मनाला वेगळं वाटतं. माझं तरी तसं होतं. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून हा कर माफ आहे, हेही इथेच सांगते, कारण पगार पत्रकात चुकून कापला जात असेल तर विचारता येईल.

बाजारात गेल्यावर दुकानदार विचारतो, "पक्कं बिल पाहिजे का?" हा प्रश्न रोजचा आहे आणि त्याचं उत्तर आपल्या हातात आहे. नऊ हजारांच्या कूलरवर १८ टक्क्यांनी १,६२० रुपये कर. दुकानदार म्हणतो, कच्च्या बिलावर हजार कमी करतो. हजार वाचले असं वाटतं. पण गॅरंटी गेली, आणि १,६२० रुपये कुणाच्याच सामाईक कामाला आले नाहीत, त्यातला फरक दुकानदाराच्या खिशात राहिला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कोपऱ्यावरचा छोटा किराणावाला बिल देत नाही म्हणजे तो चोरी करतो असं नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटी नोंदणी लागतच नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी त्याच्याकडे पक्कं बिल मागून त्याला लाजवू नये. मागायचं ते मोठ्या शोरूममध्ये.

अभय योजनेबद्दल मला कडक मत आहे. मालमत्ता कर थकला की दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. काकूंच्या साडेसहा हजारांवर महिन्याला १३० रुपये. मग कधीतरी शास्ती माफ करणारी अभय योजना जाहीर होते, थोडी वसुली होते, आकडे चांगले दिसतात. पण वेळेत भरणाऱ्याला काय कळतं? आपण घाई केली हे कळतं. पुढच्या वर्षी तो थांबतो. एखाद्या घरी आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं असं काही झालं असेल तर सवलत जरूर द्यावी, प्रकरण पाहून द्यावी. सगळ्यांना सरसकट माफी दिली की प्रामाणिक माणसाचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं थकबाकी वसूल करण्यापेक्षा अवघड आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भरलेल्या पैशाचं काम दिसलं नाही तर माणूस का भरेल? काकूंचा राग तिथून आलेला आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. पण न भरल्याने हिशेब मागायचा अधिकार मजबूत होत नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होतं. त्यात नाली, रस्ते, दिवे यांच्या दुरुस्तीसाठी वेगवेगळी लेखाशीर्षं असतात. नवं बांधकाम आणि जुन्याची देखभाल यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, फोटो छापून येतो. गाळ काढण्याचा फोटो कोण छापतो? म्हणून देखभालीच्या ओळीवर नागरिकांचीच नजर हवी. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याकडे आहे, आणि त्याचा अर्ज दहा रुपयांत होतो. काकूंच्या कॅनच्या एक तृतीयांश पैशात.

त्या दिवशी आम्ही दोघींनी बिल ओळीओळीने वाचलं. काकूंनी चष्मा लावला. सामान्य कर, मलजलासाठीचा कर, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण उपकर. शिक्षण उपकर महापालिका गोळा करते पण तो राज्याकडे जातो, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे या बिलात सगळे पैसे यांचे नोहेत?" नाहीत, म्हटलं. मग त्यांनी बोट मलजलाच्या ओळीवर ठेवलं. "अन्‌ हे आपल्या नालीचे?"

घाणपाण्याच्या गटाराचे, मी म्हटलं. पावसाची नाली वेगळी, तिचा खर्च सामान्य करातून. काकूंनी ते बिलाच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहून घेतलं.

सोमवारी आम्ही झोन ऑफिसला गेलो. काकूंनी आधी टॅक्स भरला, पावती पर्समध्ये ठेवली, आणि मग नाली साफ करण्याचा लेखी अर्ज दिला. अर्जावर आवक क्रमांक घेतला. घरी आल्यावर तो क्रमांक त्यांनी कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याखाली लिहिला. पंधरा दिवसांनंतरच्या तारखेच्या चौकटीत त्यांनी एक गोल काढला आणि मला म्हणाल्या, "हा कॅनचा नोहे. त्या दिवशी आपल्याले पुन्हा जायचं हाय."